साडेसहाशे फेऱ्यांचं इंजिन

उजनीचं पाणी येण्याआधी भीमा ओलांडायला आमच्या भागात इंजिन लागत नव्हतं. उन्हाळ्यात तर काहीच लागत नव्हतं. धोतर गुडघ्याच्या वर खोचायचं, वहाणा हातात घ्यायच्या आणि उताराची जागा बघून वाळूतून चालत पलीकडं जायचं. अलीकडं आमची करमाळा तालुक्यातली गावं, पलीकडं इंदापूर तालुक्यातली. मधे तालुका बदलत होता, जिल्हा बदलत होता, पण पाहुणे बदलत नव्हते. नदीपल्याड दिलेली लेक म्हणजे शेजारच्या आळीत दिल्यासारखी. सकाळी भाकरी बांधून निघालेली आई लेकीला भेटून दिवस मावळायच्या आत परत यायची.

पावसाळ्यात नदी दुथडी भरली की मग भोई लागायचे. वाळलेल्या मोठमोठ्या भोपळ्यांची सांगड असायची, तिच्यावर एकेकाला न्यायचे. जास्त माणसं असली तर काहील. गुऱ्हाळावर गूळ कढवायची ती लोखंडी काहीलच पाण्यात सोडायची, चार-पाच माणसं आत उकिडवी बसवायची आणि दोघं-तिघं भोई पोहत तिला ढकलत न्यायचे. काहिलीला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. ती गरागरा फिरत जाते. बायका डोळे मिटून बसायच्या आणि पोरांना त्याचीच मजा वाटायची. भोयांना रोख पैसा फार कमी मिळायचा. सुगीला खळ्यावर येऊन ते ज्वारी घेऊन जायचे. नदीचा सगळा कारभार त्यांच्याकडं आणि जमिनीचा आमच्याकडं, अशी वाटणीच होती म्हणा ना. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

मग धरण आलं. साठीच्या दशकात काम सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. पाणी त्याआधीच चढायला लागलं होतं. एकूण साठा ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, यावरून अंदाज करा. त्यातला निम्म्याहून जास्त, साधारण ६३ टीएमसी, हा मृतसाठा. मृत म्हणजे कालव्यातून खाली सोडता येत नाही ते पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात लोक म्हणतात, "धरण मायनसमध्ये गेलं." परगावच्या माणसाला वाटतं की पाणी संपलं. पाणी असतं, चांगलं कोसभर पसरलेलं असतं, आणि आमच्या गावांना ते ओलांडावंच लागतं.

त्या पाण्याखाली गावं गेली, मळे गेले, विहिरी गेल्या, पुण्याहून सोलापूरला जाणारा लोहमार्गसुद्धा सरकवावा लागला. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा पूल तेवढा मोटारींच्या कामी आला. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. पाणी फार उतरलं की ते अजून वर येतं, आणि मग पुण्याची माणसं फोटो काढायला येतात. आम्हीही जातो. आमच्या डोळ्यांना मात्र देवळाच्या आजूबाजूचं जास्त दिसतं, कुठल्या वाड्याचं जोतं, कुठला आड, कुठल्या बाभळीचं खोड.

नदी होती तोवर पलीकडं जायला पाऊण तास लागत होता. धरण झाल्यावर पाण्याची रुंदी मैलांत मोजायची वेळ आली. रस्त्यानं जायचं तर डिकसळ-भिगवणच्या बाजूनं वळसा घालून, दोन-तीन गाड्या बदलून, अख्खा दिवस मोडायचा. समोरच्या गावात पेटलेले दिवे रात्री अंगणातून दिसायचे, आणि तिथं जायला दिवस लागायचा.

आता इंजिनाची गोष्ट सांगतो, कारण होडी ही भोयांची असली तरी इंजिन हे आमचं, शेतकऱ्याचं.

हे इंजिन काढणारा रुडॉल्फ डीझेल हा जर्मन माणूस. १८९७ साली त्याचं पहिलं नीट चालणारं इंजिन तयार झालं. आपण तेलाला डिझेल म्हणतो ते त्याच्या नावावरून. हा माणूस १९१३ च्या सप्टेंबरात आगबोटीनं इंग्लंडला निघाला आणि रात्रीतून बोटीवरून नाहीसा झाला. पुढं त्याचं प्रेत समुद्रात सापडलं. जीव दिला की कुणी ढकललं यावर अजून वाद आहे. आमच्या होडीवर बसून मी ही गोष्ट एकदा सांगितली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आसलं काय पाण्यात आसताना सांगू नगंस."

इंग्लंडात डर्स्ली नावाच्या गावी लिस्टर कंपनीनं १९३० च्या सुमारास एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं, सहा घोड्यांचं डिझेल इंजिन काढलं. मिनिटाला ६५० फेरे. तेच रूप पुढं आपल्याकडं राजकोटला शेकडो कारखान्यांत ओतलं जायला लागलं. मूळ कंपनीशी त्यांचा काही संबंध नसायचा, पण शेतकरी सगळ्यांनाच लिस्टर म्हणायचा. आपल्या मुलखात सातारारोडच्या कूपर कारखान्याची इंजिनं होती. आणि किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केला. आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला त्यांच्या घराण्यानं इंजिनाचा वेगळा कारखाना काढला. त्यांचं एव्ही-वन हे पाच घोड्यांचं इंजिन, मिनिटाला १५०० फेरे. लिस्टरच्या मानानं चपळ आणि वजनाला निम्म्याहून हलकं. चार माणसांनी बांबूला बांधून उचललं की या विहिरीवरून त्या विहिरीवर.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडं मोटा सुटल्या आणि विहिरीविहिरीवर इंजिनं आली. कर्ज काढून आली. रात्रभर एकेका मळ्यात आवाज चालायचा आणि झोपेत माणूस ओळखायचा की हे आपलं, हे तात्यांचं, याच्या नोझलमध्ये कचरा अडकलाय. मग विजेच्या तारा आल्या. धरणाच्या काठाला तर मोटारींची रांगच लागली. वीज आल्यावर इंजिन कोण चालवतो? ती इंजिनं गोठ्यात गेली, त्यांच्यावर वैरण ठेवायला लागले, कोंबड्या अंडी घालायला लागल्या. हीच पडून राहिलेली इंजिनं पुढं होड्यांवर चढली. उजनीवर पहिल्यांदा चाललेल्या इंजिनांच्या होड्या मी जवळून बघितल्यात. त्यांतलं एकही इंजिन होडीसाठी बनवलेलं नव्हतं. सगळी विहिरीवरून उतरलेली होती.

आम्ही होडी घ्यायचं ठरवलं ते १९९२ साली. कारण सांगतो. माझी थोरली बहीण, आक्का, पलीकडं दिलेली. आदल्या वर्षी तिचे सासरे वारले. निरोप आला तो एका मासेवाल्याच्या तोंडी, दुपार टळल्यावर. वल्ह्याची होडी होती, पण वारा सुटला होता आणि भोई म्हणाला, आता नाही. आम्ही रस्त्यानं निघालो. पोचलो तेव्हा रात्र झाली होती, माती होऊन गेली होती. आक्का काही बोलली नाही. तिच्या जावेच्या माहेरची माणसं हजर होती आणि हिची नव्हती, एवढंच. गावाकडं माणूस लग्न चुकलेलं विसरतो, माती चुकलेली विसरत नाही.

आम्ही तिघं भागीदार: मी, माझा चुलतभाऊ आणि आमचे धाकटे चुलते, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. पैसे ऊसबिलाचे होते आणि ते पाइपलाइनसाठी राखून ठेवलेले होते. होडीत घालायचे म्हणजे एक वर्ष पाइपलाइन लांबणार, म्हणजे वरचं दोन एकर रान कोरडं राहणार. नवी होडी आणि नवं इंजिन घ्यायची ताकद नव्हतीच. जुनीच बघायची होती. बरोबर घेतले ते आबांना. आबा भोई, तेव्हा साठी ओलांडलेले, ज्यांनी आमच्या आज्याला काहिलीतून नेलेलं. त्यांची पोरं आता उजनीत चिलापी आणि मरळ धरत होती.

पहिली होडी बघितली ती भिगवणच्या अंगाला. रंग नवा, निळा आणि पांढरा. इंजिन किर्लोस्करचं एव्ही-वन, फारसं जुनं नाही. मालकानं चोवीस हजार सांगितले. हँडल मारलं की एका फटक्यात चालू. धूर नाही. चुलतभाऊ खूश. तो म्हणाला, "इंजिन म्हंजे नुसतं घड्याळ हाय."

मी इंजिनाच्या हेडवर आधीच हात ठेवला होता. ते कोमट होतं. आम्ही येणार म्हणून सकाळीच चालवून ठेवलेलं. जुनं इंजिन घेताना ही पहिली गोष्ट. गरम इंजिन कसंही चालू होतं, खरी परीक्षा थंड असताना. रिंगा झिजल्या, लायनर खाल्लं की दाब सुटतो, आणि थंडीत ते दहा हँडल मारली तरी खोकतं. मी तेलाची काडी काढून बघितली. तेल काळं असलं तर चालतं. दुधाळ दिसलं की पाणी आत जातंय. तेल ठीक होतं. तेलाच्या तोंडाचं टोपण काढून बघितलं तर आतून धुराचा लोट येत होता, म्हणजे रिंगांतून दाब खाली उतरत होता. पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं. लायनर, पिस्टन, रिंगा हा संच कुठंही मिळायचा. चार-पाच हजार कमी करून सौदा पटला असता.

आबा तोवर इंजिनाकडं फिरकलेच नव्हते. ते होडीत गुडघ्यावर बसून इंजिनाखालच्या लाकडांकडं बघत होते. खिशातून मासे साफ करायची बारीक सुरी काढली आणि इंजिन ज्या दोन आडव्या लाकडांवर बसवलेलं होतं त्यांत हळूच टोचली. सुरी मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी. वरून रंग, आत भुसा.

"बोल्ट कशात धरलाय ह्यो?" ते मालकाला म्हणाले.

मालक म्हणाला, "तेवढं लाकूड बदलून देतो की."

आबा उठले. परत येताना वाटेत त्यांनी सांगितलं ते असं: इंजिनाखाली डिझेल गळतं, पावसाचं पाणी साचतं, आणि वरून दिवसभर हादरा. होडी कुजायला तिथूनच सुरुवात होते. तिथलं लाकूड गेलेलं असलं तर त्याला खिळलेल्या तळाच्या फळ्याही धड नसतात. नवा रंग दिलेली होडी म्हणजे पावडर लावलेली म्हातारी. हे शेवटचं त्यांचं बोलणं, माझं नव्हे.

मला त्या दिवशी एक गोष्ट नीट कळली. आम्ही तिघंही शेतकरी इंजिनालाच होडी समजत होतो. इंजिन आमच्या ओळखीचं होतं ना! विहिरीवर इंजिन बंद पडलं तर पिकाला पाणी एक दिवस उशिरा मिळतं. आणि आबांच्या लेखी इंजिन म्हणजे वल्ह्याच्या जागी आलेलं एक भांडं. ते बंद पडलं तर वल्हं आहे, वल्हं मोडलं तर हात आहेत. तळ गेला तर काही नाही. पण त्यांचंही सगळं खरं नव्हतं. हे मी त्यांना तेव्हाच बोलून दाखवलं. वल्ह्याची होडी लहान असते. इंजिनाची होडी मोठी, दहा-बारा माणसं आणि ओझं घेऊन मध्यावर वाऱ्यात बंद पडली तर ती आडवी फिरते, लाटा बाजूनं आत येतात, आणि तेवढी होडी दोन वल्ह्यांना सावरत नाही. म्हणजे तळही हवा आणि न थांबणारं इंजिनही हवं. आबा बराच वेळ बिडी ओढत राहिले आणि म्हणाले, "मंग इंजिन तू बग, फळ्या मी बगतो."

दुसरी होडी सापडली खालच्या अंगाला, धरणाच्या भिंतीकडच्या एका गावात. २८ फूट लांब. रंग उडालेला, डांबर दिसत होतं. आणि इंजिन लिस्टर, राजकोटची ओतणी. किती जुनं ते समजायला मार्ग नव्हता. पत्र्याच्या पट्टीवरचे आकडे पुसून गेलेले, फक्त ६५० एवढं हाताला लागत होतं. मालक वयस्कर, पोरं पुण्याला कंपनीत लागलेली. त्यानं सतरा हजार सांगितले. चुलतभावानं बघताच तोंड वाकडं केलं. "हे तर रझाकाराच्या येळचं दिसतंय."

आम्ही त्या दिवशी बघून आलो, काही बोललो नाही. आठ दिवसांनी न कळवता पहाटे गेलो. हेडवर हात ठेवला, थंडगार. लिस्टर चालू करायची रीत वेगळी. एक झडप बोटानं उचलून धरायची, म्हणजे दाब धरत नाही. हँडल घालून ती दोन जड चाकं फिरवायची, चाकांनी वेग धरला की झडप सोडायची. तिसऱ्या खेपेला त्यानं पहिला ठोका टाकला. सुरुवातीला निळा धूर, म्हणजे थोडं तेल जळत होतं. पाच-सात मिनिटांत धूर विरळ झाला.

मग होडी जाड दोरानं काठच्या बाभळीला बांधली आणि इंजिन तासभर तसंच ओढत ठेवलं. मोकळ्या पाण्यात चक्कर मारून दाखवणं सगळ्यांना जमतं. बांधलेल्या होडीला पंखा फिरवत ठेवला की इंजिनाला खरं ओझं येतं. त्या तासात आम्ही काय बघितलं? बेअरिंगवर हात ठेवून चटका बसतो का ते. थंड पाण्याचं पिंप वरून किती तापतं ते. ठोक्यात खंड पडतो का ते. आणि पंख्याचा दांडा जिथून होडीबाहेर जातो तिथं किती पाणी आत येतं ते. तिथं ग्रीस लावलेली सुताची दोरी भरतात, पंपाच्या ग्लँडला भरतो तीच. थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे, धार लागता कामा नये. थेंब थेंबच येत होतं.

तरी प्रश्न सुटला नव्हता. चुलतभावाचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. हे इंजिन तीनशे किलोच्या वर. त्याला थंड ठेवायचं पाण्याचं पिंप वेगळं, ते भरलं की दोनशे किलो. म्हणजे पाच क्विंटलच्या वरची पेंड होडीच्या मागच्या अंगाला कायमची. शिवाय संथ आणि जड ठोका, त्यानं खिळे ढिले होतात. शिवाय पलीकडं जायला वेळ जास्त. एव्ही-वन हलकं, नवं आणि त्याचा पंप तलावातलंच पाणी ओढून थंड होतं, पिंपाची गरज नाही.

मी त्याला जे सांगितलं ते असं. होडीवर गिअर नाही. पंख्याचा दांडा इंजिनाला थेट जोडलेला. १५०० फेऱ्यांनी थेट फिरणारा पंखा लहान ठेवावा लागतो आणि तो पाणी नुसतं घुसळतो. ६५० फेऱ्यांना मोठा, हातभर रुंद पंखा लावता येतो आणि तो पाणी ढकलतो. लादलेल्या होडीला ढकलणाराच कामाचा. आणि तलावातलं पाणी ओढून थंड होण्याचं म्हणशील, तर कुठलं पाणी? पुणे, पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथंच येतं. त्यावर पोसलेलं शेवाळ आणि जलपर्णी पाइपाच्या जाळीला बसली की इंजिन दहा मिनिटांत तापून धरतं, आणि ते धरणार मध्यावरच, काठाला नाही. पिंपाला तलावाशी देणंघेणं नाही. राहिलं वजन. त्याचं उत्तर आबांनी दिलं. ते म्हणाले, तळाशी असलेलं वजन होडीला बसवतं. पाडतं ते वरचं वजन, उभी राहिलेली माणसं, कडब्याच्या पेंढ्या, फटफट्या. लिस्टरच्या वजनाएवढी चार-पाच माणसं कमी घ्यायची, झालं.

"म्हंजे धंदा कमी," चुलतभाऊ म्हणाला.

"व्हय, कमी," तात्या पहिल्यांदाच बोलले. "आपण मातीला पोचायला घेतोय का धंद्याला, ते आधी ठरवा."

त्यावर तो गप्प झाला, पण पटलं असं नाही. पुढं कितीतरी वर्षं दुसऱ्याची होडी आम्हाला मागं टाकून गेली की तो माझ्याकडं बघायचा.

राहिला तळ. दोन बैलजोड्या लावून, खाली बाभळीचे गोल ओंडके टाकून होडी काठावर ओढून घेतली. आबांनी ती आतून बघितली, बाहेरून बघितली, प्रत्येक खिळ्याशेजारी सुरी टोचली. त्यात दुपार झाली. मागच्या बाजूच्या दोन फळ्या बदलायच्या निघाल्या. इंजिनाखालची लाकडं मात्र अशी कडक की सुरीचं टोक वाकलं. सांध्यांत कापूस आणि राळ नव्यानं भरायला लागणार होती. हे सगळं मालकासमोर मोजून दाखवलं आणि सौदा साडेपंधरा हजारांवर तुटला. पाचशे इसार दिला. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, त्यात होडीची लांबी, इंजिनाचं वर्णन आणि "चालू स्थितीत" हे शब्द मी मुद्दाम घालून घेतले. पाइपलाइन पुढं दीड वर्षानं झाली.

होडीला परवाना लागतो, तपासणी लागते, हे तेव्हा आमच्या काठावर कुणी कुणाला विचारत नव्हतं. कायदा इंग्रजांचा, १९१७ चा होता. २०२१ साली त्याच्या जागी नवा आला. आमच्यापुरता कायदा आबांनी केला. फळ्या बदलून झाल्यावर होडीत बारा माणसं बसवली, पाणी कुठवर चढतं ते बघितलं आणि तिथं बाहेरून चुन्याचा पट्टा ओढला. पट्टा बुडाला की एक माणूस उतरायचं. पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं की इंग्लंडात जहाजांना अशीच रेघ मारायचा कायदा १८७६ साली झाला आणि त्यासाठी प्लिम्सॉल नावाच्या खासदाराला बरंच भांडावं लागलं. आम्हालाही भांडावं लागायचं. बाजारच्या दिवशी उतरवलेला माणूस चार दिवस रामराम घ्यायचा नाही.

आणि वळवाचे दिवस. मे महिन्यात दुपार कलली, वायव्येला काळं दिसलं की होडी सोडायची नाही, समोर कोण मरत असलं तरी नाही. हा नियम कठोर वाटतो. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात मध्यावर उलटली. सात जण होते, एक पोहून काठाला लागला, सहा गेले. त्यांत लेकरं होती. त्या आठवड्यात आमच्या काठावर चूल पेटली तरी जेवण गेलं नाही कुणाला. आता शिरसोडी आणि कुगावच्या मधे पूल मंजूर झाला आहे. हीच मागणी आमच्या तरुणपणी ऐकली होती.

आमची ती होडी सतरा वर्षं चालली. दुष्काळात पाणी खाली गेलं की पंखा बुडालेल्या बाभळींच्या खोडांना लागायचा, वाड्यांच्या भिंतींना लागायचा. दोनदा पाती वाकली, दोनदा टेंभुर्णीला नेऊन सरळ करून आणली. कुठं कुणाचं घर होतं हे माहीत असलेला माणूस सुकाणूला लागायचा, म्हणून उन्हाळ्यात तात्या स्वतः बसायचे. ते सांगायचे, "डावीकडं घे, हितं पाटलाचा सोपा हाय." रिंगा दोनदा बदलल्या, लायनर एकदा. मधल्या पाण्यात इंजिन तीन वेळा बंद पडलं. एकदा डिझेलात पाणी, दोनदा नोझल. तिन्ही वेळा दोन पान्यांवर काम भागलं. आक्काची सासू गेली तेव्हा आम्ही तासाभरात पोचलो, आणि तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात रुखवत याच होडीतून गेला.

२००९ साली होडी मोडीत काढली. फळ्या जळणाला गेल्या, थोड्या गोठ्याच्या दाराला लागल्या. लिस्टर विकायला काढलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, भंगाराच्या भावानं दे. पण बार्शीकडचा एकजण मिरचीच्या चक्कीसाठी जुनं इंजिन शोधत होता. त्याच्याकडं विजेचा भरवसा नव्हता. तो सकाळी टेम्पो घेऊन आला. चहाही न घेता आधी इंजिनापाशी गेला आणि हेडवर तळहात ठेवला.

इंजिन गार होतं. मी आदल्या दिवसापासून त्याला हात लावला नव्हता. तो माझ्याकडं बघून हसला आणि हँडल मागितलं.